किनारीची गोधडी : कार्यानुभवातील एक बिनखर्ची उद्योग

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-परिषदेतील व्याख्यानाचा पाठ)



प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाची तासिका असते. ती बहुधा तीन वाटांनी जाते. एक तर गणिताचा वा भाषेचा मागे राहिलेला भाग त्या वेळात पुरा केला जातो. किंवा दरवर्षी तीच ती कागदी फुले होतात. किंवा बाजारातून रंगीत कागद, डिंक, थर्मोकोल आणून शोभेची वस्तू केली जाते. यांतील तिसरी वाट वरवर उत्साहाची दिसते, परंतु ज्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात दहा रुपये सुटे नसतात, ते मूल त्या दिवशी शाळेत येत नाही, किंवा आले तर मागच्या ओळीत हात बांधून बसते. ज्या उद्योगाने मुलाच्या हाताला काम द्यावयाचे, त्यानेच त्याचे हात रिकामे ठेवावेत, ही गोष्ट शिक्षकाला चैन पडू देणारी नाही.

म्हणून साहित्य निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. ते गावातच मिळावे. त्याला पैसा पडू नये. आणि त्याची ओळख मुलाला घरून झालेली असावी. या तिन्ही कसोट्यांना उतरणारी एक वस्तू प्रत्येक गावात आहे. शिंप्याच्या यंत्राखाली पडलेली कात्रणे आणि फाटलेल्या साडीचे टिकून राहिलेले काठ, ही ती वस्तू होय. या काठांची व किनारींची गोधडी हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

किनार म्हणजे काय?

कापडात उभे धागे व आडवे धागे असतात. उभ्यांना ताणा आणि आडव्यांना बाणा असे म्हणतात. धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा कापडाच्या एका कडेपर्यंत जातो, तेथे वळतो आणि परत येतो. ज्या ठिकाणी तो वळतो ती किनार. तेथे उभे धागे दाट बसविलेले असतात आणि बाण्याचे टोक कोठेच मोकळे नसते. म्हणून किनार उसवत नाही. कापडाच्या मधून कात्रीने कापलेली कड मात्र लगेच विसविशीत होते. हा फरक मुलांना सांगू नये. दोन्ही कडा त्यांच्या हाती देऊन नखाने ओढावयास लावावे. कोणती सुटते व कोणती सुटत नाही हे पाहिल्यावर ‘का?’ हा प्रश्न मुलेच विचारतील. आधुनिक कारखान्यांतील बिनधोट्याच्या मागांवर बाण्याचा धागा दर फेरीला कापला जातो, त्यामुळे त्या कापडाच्या किनारीला बाहेर बारीक झालर दिसते आणि ती सुटू नये म्हणून कडेचे धागे वेगळ्या रीतीने आवळलेले असतात. दोन्ही तऱ्हेच्या किनारी शिंप्याकडे मिळतात. त्यांची वर्गवारी करणे हाच एक पाठ होतो.

किनारीवर वाचण्यासारखेही पुष्कळ असते. काही कापडांवर गिरणीचे किंवा कापडाच्या जातीचे नाव छापलेले असते. काही छापील कापडांच्या कडेला रंगांचे लहान लहान ठिपके असतात. त्या कापडावर जितके रंग छापले तितके ते ठिपके. मुलांनी कापडातील रंग मोजावेत व ठिपक्यांशी ताडून पाहावेत. पुष्कळ कापडांच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात. धुऊन, रंगवून आलेले कापड ताणून वाळविताना यंत्रातील खिळ्यांच्या रांगा ते दोन्ही कडांनी धरून ठेवतात, त्या खिळ्यांच्या या खुणा. ज्याला लोक टाकाऊ म्हणतात त्या दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर कापडाचा सारा जन्म लिहिलेला असतो.

नंदुरबार जिल्ह्यात असे साहित्य मिळण्यास अडचण नाही. नंदुरबार व नवापूर ही सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गावे असून, सुरत हे कृत्रिम धाग्यांच्या कापडाचे देशातील मोठे केंद्र आहे. गावोगावच्या आठवडे बाजारांत तऱ्हेतऱ्हेचे कापड येते आणि प्रत्येक मोठ्या गावात एकदोन शिंपी असतातच. शिंपी कापड बेतताना किनार बहुधा बाजूला काढतो, कारण ती बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते व शिवणीला सुरकुत्या पाडते. मुलांनी एक पिशवी शिंप्याच्या दुकानी टांगून यावी आणि दर शनिवारी ती घेऊन यावी. गणवेश शिवण्याच्या दिवसांत ती दोनदा भरेल.

चिंधीची प्रतिष्ठा

मराठीत ‘चिंधी’ हा शब्द हिणविण्यासाठी वापरला जातो. ‘ठिगळ’ हाही तसाच. ठिगळाचा सदरा घालून आलेले मूल ते ठिगळ दप्तराने झाकते, हे चित्र कोणत्याही शिक्षकाला नवे नाही. वर्गात गोधडीचे काम सुरू करण्यापूर्वी या शब्दांभोवतीची लाज दूर करणे अगत्याचे आहे, आणि त्यासाठी उपदेशाची गरज नाही. गोष्टी पुरेशा आहेत.

संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे वस्त्र वागवीत. लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणत. हाती खराटा घेऊन गाव झाडणारा हा पुरुष, लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या करून गेला, पण स्वतःच्या अंगावर त्याने चिंधीच ठेवली. श्रीकृष्णाच्या बोटाला जखम झाली तेव्हा द्रौपदीने आपले भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली, ही लोककथा मुलांना घरी ऐकून ठाऊक असते. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असते; मगध देशातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला त्या आकृतीप्रमाणे चीवर बेतावयास सांगितले, असे विनयपिटकात आले आहे. चौथीच्या मुलांनी शाळेच्या गच्चीवरून वा टेकडीवरून गावची शेते पाहावीत व कागदावर उतरावीत. त्यांच्या हाती गोधडीचा पहिला नमुना आपोआप येईल.

गोधडी ही केवळ महाराष्ट्राची वस्तू नाही. बंगालमधील कांथा जुन्या साड्यांचे थर एकत्र टाचून होते, आणि तिच्यावरील नक्षीसाठी स्त्रिया साडीच्या काठांतील रंगीत दोरे काढून घेत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर या भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांची ‘कवंदी’ एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्यापर्यंत शिवली जाते आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीची फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या स्त्रिया मानीत नाहीत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, ज्यांचे पूर्वज गुलाम होते, शेतावर झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या थंडी निवारण्यासाठी शिवीत आल्या. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात व पुढे न्यूयॉर्कमध्ये भिंतींवर मांडल्या गेल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची चित्रे तिकिटांवर छापली. ज्या वस्तूवर आजी झोपते तीच वस्तू जगाच्या दुसऱ्या टोकाला संग्रहालयात मानाने ठेवली जाते, हे कळल्यावर मुलाच्या मनात आजीविषयी काय उभे राहील, याचा विचार शिक्षकाने करावा.

सातपुड्यातील हिवाळा कडक असतो. तोरणमाळ, डाब या बाजूला पहाटेच्या थंडीत घरात पांघरूण किती आहे हा पोटापाण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न होतो. बाजारातील यंत्राचे ब्लँकेट आज घरोघर आले आहे, ते स्वस्त आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु गोधडी शिवणारी पिढी थकत चालली आहे, आणि तिच्याबरोबर बेत, टाका व मापाचे तोंडी ज्ञान जाते आहे. शाळेने ते टिपून ठेवले नाही तर ते कोठेच राहणार नाही.

प्रत्यक्ष कृती

पहिल्या वर्षी मोठ्या गोधडीचा संकल्प करू नये. तान्ह्या मुलाचे दुपटे हाती घ्यावे. ते ७५ सेंटिमीटर रुंद व १०० सेंटिमीटर लांब धरले, तर २५ सेंटिमीटरचे ३ × ४ म्हणजे १२ चौकोन लागतात.

प्रत्येक चौकोनासाठी जुन्या धोतराचा वा साडीचा २७ सेंटिमीटर बाजूचा तुकडा पाया म्हणून घ्यावा. चारी बाजूंचा एकेक सेंटिमीटर शिवणीत जाईल. किनारीच्या पट्ट्या ४ सेंटिमीटर रुंद कापाव्यात, आणि त्यांत किनार एका बाजूला अखंड राहील असे पाहावे. पहिली पट्टी पायाच्या एका कडेला ठेवावी. तिची किनार बाहेरच्या बाजूला व कापलेली कड आतल्या बाजूला असावी. दुसरी पट्टी अशी ठेवावी की, तिची पक्की किनार पहिलीच्या कापलेल्या कडेवर १ सेंटिमीटर चढेल. किनारीला लागून साधा धावदोरा घालावा. किनार उसवत नसल्यामुळे कड दुमडण्याचा त्रास वाचतो, आणि लहान हातांना हे काम जमते ते याचमुळे. याप्रमाणे एकावर एक पट्ट्या चढवीत पाया भरून काढावा व जास्तीची कड कापून चौकोन नेमका करावा.

बारा चौकोन झाले की मांडणीचा खेळ सुरू होतो. ते जमिनीवर पसरावेत. काहींच्या पट्ट्या उभ्या, काहींच्या आडव्या ठेवल्या की जिना होतो, चटईची वीण होते, पाण्याच्या लाटा होतात. येथे शिक्षकाने मागे उभे राहावे. नमुना फळ्यावर काढून देण्याचा मोह आवरावा. मुले भांडतील, मांडतील, मोडतील. लाल चौकोन मध्यभागी हवा की कोपऱ्यात, यावर मतदानही घेतील. हा वेळ वाया गेला असे मानू नये. या सर्व उद्योगाचे सार या अर्ध्या तासात आहे. मांडणी ठरली म्हणजे चौकोन जोडावेत, मागे एक जुने मऊ सुती वस्त्र लावावे, आणि सर्व थर एकत्र धरणारे टाके घालण्यासाठी गावातील एखाद्या आजीला शाळेत बोलवावे. तिला शिक्षकाच्या खुर्चीजवळ सतरंजी टाकून बसवावे. कडेपासून आत कसे जावयाचे, कापडाला फुगा कसा येऊ द्यावयाचा नाही, हे ती दाखवील. त्या दिवशी वर्गाचे अध्यापन तिच्याकडे असावे.

विषयांशी सांगड

हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना आखली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य केले. पाने, बिया, शंख-शिंपले असे परिसरातील साहित्य हेच तेथे शिक्षणाचे साधन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची सूचना आहे. नावे बदलली तरी विचार एकच आहे : हाताने केलेले डोक्यात राहते.

गणिताचेच पाहा. ४ सेंटिमीटरच्या पट्ट्यांनी २७ सेंटिमीटरचा पाया भरावयास किती पट्ट्या लागतील? मुले २७ ला ४ ने भागून ‘सात’ म्हणतील. सात पट्ट्या लावून पाहावयास सांगावे. चढाचा सेंटिमीटर दर वेळी वजा होत असल्याने सात पट्ट्यांनी केवळ २२ सेंटिमीटर भरतात. पहिल्या पट्टीचे ४ आणि पुढच्या प्रत्येक पट्टीचे ३, हे मुलांच्या ध्यानी येईल आणि नऊ पट्ट्या लागतात, त्यांनी २८ सेंटिमीटर भरून १ सेंटिमीटर उरतो, हे ती स्वतः शोधतील. मग एका चौकोनाला ९ × २७ म्हणजे २४३ सेंटिमीटर पट्टी, आणि बारा चौकोनांना २,९१६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २९ मीटर. १५० × २०० सेंटिमीटरच्या मोठ्या गोधडीला ४८ चौकोन व जवळजवळ ११७ मीटर पट्टी लागेल. मुलांनी ही लांबी शाळेच्या पटांगणात दोरीने मोजून पाहावी. परिमिती, क्षेत्रफळ, अपूर्णांक, सममिती यांसाठी दुसरे साधन शोधावे लागणार नाही.

भाषेच्या दृष्टीने तर हा उद्योग या जिल्ह्यात विशेष मोलाचा आहे. भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजर अशा अनेक बोली बोलणारी मुले एका वर्गात असतात, आणि पुस्तकातील मराठी अनेकांना दुसरी भाषा असते. गोधडी, वाकळ, दुपटे, सुई, दोरा, गाठ, टाका या प्रत्येक वस्तूला घरी काय म्हणतात ते मुलांनी विचारून यावे. शिक्षकाने ते सर्व शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावेत. जे मूल एरव्ही बोलत नाही, ते आपल्या घरचा शब्द सांगण्यासाठी उभे राहील. त्याचा शब्द फळ्यावर चढला की शाळा त्याची होते.

विज्ञानासाठी एक प्रयोग शिक्षकाने स्वतः, चिमट्यात धरून, मुलांना दूर बसवून करावा. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. यातून एक व्यावहारिक नियम निघतो. तान्ह्या मुलाच्या दुपट्यात व शेकोटीजवळ पांघरावयाच्या गोधडीत कृत्रिम कापड घालू नये, कारण ते वितळले तर कातडीला चिकटते. त्या पट्ट्यांच्या पिशव्या, फळा पुसण्याची गादी, पायपुसणे अशा वस्तू कराव्यात.

बाहेरगावी गेलेल्या मुलाचा चौकोन

दिवाळी सरली की जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत आणि महाराष्ट्राच्या दूरच्या भागांत जातात. त्यांच्याबरोबर काही मुलेही जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात, आणि चैत्रात मूल परतते तेव्हा त्याच्या जागी दुसरे कोणी बसलेले असते. अशा मुलाला गावातच आजी-आजोबांपाशी वा वसतिगृहात ठेवण्याचे प्रयत्न शिक्षकाने करावयाचेच आहेत. ते करूनही काही मुले जातात.

गोधडीच्या कामात त्यांच्यासाठी एक रीत पाळावी. प्रत्येक मुलाने आपला चौकोन दिवाळीपूर्वी सुरू करावा. जाणाऱ्या मुलाने निदान दोन पट्ट्या लावून तो वर्गात ठेवून जावा. त्याच्या पाठीमागे दोऱ्याने त्याच्या नावाचे पहिले अक्षर काढावे. वर्गाने बाकीचे चौकोन जोडावेत, परंतु त्याची जागा मोकळी ठेवावी आणि त्याचा चौकोन दुसऱ्या कोणी पुरा करू नये. भिंतीवर टांगलेल्या गोधडीतील ती रिकामी जागा वर्गाला रोज दिसेल. ‘तो केव्हा येणार?’ असे मुले विचारतील. तो आला की त्याला मागच्या ओळीत बसवून ‘मागचे लिहून घे’ असे न म्हणता, प्रथम त्याचा चौकोन त्याच्या हाती द्यावा. उरलेल्या सात पट्ट्या लावावयास त्याला आठवडा लागेल. त्या आठवड्यात तो वर्गात पुन्हा रुजेल, आणि शिक्षकाला त्याच्याशी बोलता बोलता त्याचे काय राहिले व काय टिकले याचा अंदाज येईल. मूल शाळा सोडते ते पुष्कळदा अभ्यास अवघड झाला म्हणून नव्हे, तर आपल्यावाचून येथे काही अडले नाही असे त्याला दिसते म्हणून.

काही सूचना व आक्षेप

कात्रणे प्रथम गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. त्याने स्वच्छता होते व कापड आटावयाचे ते आधीच आटते. लाल व गडद रंगांच्या पट्ट्या ओल्या करून पांढऱ्या फडक्यावर दाबाव्यात. रंग सुटला तर त्या बाजूला ठेवाव्यात. पहिली-दुसरीच्या मुलांना सुई देऊ नये. त्यांनी वर्गवारी, मोजणी व मांडणी करावी. तिसरीपासून बोथट टोकाची, मोठ्या नाकाची सुई द्यावी. सुया मोजून द्याव्यात व मोजूनच परत घ्याव्यात. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत वर्ग सोडू नये. कात्री शिक्षकाच्या ताब्यात असावी.

‘शिवण हे मुलींचे काम’ असा आक्षेप एखाद्या पालकाकडून येईल. गावचा शिंपी बहुधा पुरुषच असतो, एवढे उत्तर पुरे आहे. मुलगे व मुली यांना एकाच चौकोनाची जोडी करून द्यावी.

दुसरा धोका शाळेच्या आतच आहे. तपासणीला अधिकारी येणार म्हणून शिक्षक रात्री बसून टाके सरळ करतो, किंवा एखाद्या पालकाकडून यंत्रावर शिवून आणतो. अशा गोधडीचा काही उपयोग नाही. वाकड्या टाक्यांची, पण मुलांची गोधडी हीच तपासणीत पाहावयाची गोष्ट आहे. प्रदर्शनातील बक्षिसासाठीही ती करू नये. वस्तू वापरात गेली पाहिजे.

म्हणून शेवटी एवढीच विनंती. या वर्षी प्रत्येक शाळेने एक दुपटे करावे. पावसाळ्यात कात्रणे जमवावीत, दिवाळीपूर्वी चौकोन सुरू करावेत, आणि परगावी गेलेली मुले परतल्यावर दुपटे पुरे करावे. ते कपाटात ठेवू नये. गावात त्या वर्षी जन्मलेल्या एखाद्या बाळाला अंगणवाडीत सर्व मुलांच्या हातून ते द्यावे. पाच-सहा वर्षांनी ते मूल पहिलीत दाखल होईल तेव्हा शाळेची व त्याची ओळख आधीच झालेली असेल.